हरवले ते कोणते?

ग्रंथांच्या पाठभेदांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. व्हिडिओ गेमलाही पाठभेद असतात, हे मात्र फारसे ध्यानात घेतले जात नाही. एकच खेळ दोन देशांत दोन रूपांनी निघतो. क्वचित एकाच नावाखाली दोन सर्वस्वी भिन्न खेळ नांदतात. ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ हे या दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण होय.

निन्टेन्डो कंपनीने सप्टेंबर १९८५ मध्ये जपानात फॅमिकॉम यंत्रासाठी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आणला. धावत, उड्या मारत, खड्डे चुकवत उजवीकडे सरकत राहायचे, अशी त्याची रचना. दुसरा भाग ३ जून १९८६ रोजी निघाला. चित्रे बव्हंशी तीच, पण स्वभाव निराळा. पूर्वी बळ देणारी अळंबी आता विषारीही निघू लागली. वाऱ्याचे झोत उडी भरकटवू लागले. पुढच्या जगात नेणारी गुप्त वाट कधी मागच्या जगात नेऊन सोडू लागली. पहिला भाग कोळून प्यायलेल्यांची परीक्षा पाहणारा हा खेळ होता.

तो कॅसेटवर नव्हे, तर चुंबकीय डिस्कवर मिळे. ५०० येन दिले की दुकानातील यंत्रावर त्याच डिस्कमध्ये दुसरा खेळ भरून घेता येई. अर्थात, आधीचा पुसूनच. ही सेवा २००३ मध्ये बंद झाली. डिस्क वापरणारे हे जोडयंत्र निन्टेन्डोने जपानबाहेर विकलेच नाही.

कंपनीच्या अमेरिकी शाखेत नव्या खेळांची पारख करण्याचे काम हॉवर्ड फिलिप्स यांच्याकडे होते. त्यांना हा दुसरा भाग आनंदापेक्षा वैताग अधिक देणारा वाटला, आणि अमेरिकेसाठी वेगळा खेळ शोधला गेला. तो म्हणजे जुलै १९८७ मध्ये जपानात निघालेला ‘युमे कोजो : दोकी दोकी पॅनिक’. फुजी टेलिव्हिजनने त्या उन्हाळ्यात भरवलेल्या ‘युमे कोजो’, म्हणजे ‘स्वप्नांचा कारखाना’, या महोत्सवाची पात्रे त्यात होती : इमाजिन, लीना, मामा आणि पापा. पुस्तकासाठी भांडणारी जुळी भावंडे त्याचे शेवटचे पान फाडतात, पुस्तकातील राक्षस त्यांना आत ओढून नेतो आणि हे कुटुंब त्यांच्या सुटकेसाठी कथेत शिरते, असे त्याचे कथानक.

अमेरिकी आवृत्ती १९८८ मध्ये आली, तेव्हा इमाजिनच्या जागी मारिओ उभा होता. आईची उंच उडी लुईजीला मिळाली, वडिलांचे बळ टोडला, आणि लीनाचे हवेत तरंगणे राजकन्येला. जादूच्या दिव्याच्या जागी औषधाची कुपी आली. मूळ खेळात खरा शेवट पाहायचा तर चौघांनाही स्वतंत्रपणे अखेरपर्यंत न्यावे लागे. ती अट गेली. पुस्तकाची चौकटही गेली, आणि शेवटी सारे मारिओचे स्वप्न ठरले.

पुढचा प्रवास नावांचा आहे. हाच खेळ १९९२ मध्ये जपानात परतला, तो ‘सुपर मारिओ यूएसए’ म्हणून. जपानात जन्मलेल्या खेळाला मायदेशी परदेशी नाव मिळाले. नेमका याच्या उलट प्रकार पुढच्या वर्षी अमेरिकेत घडला. नाकारलेला जपानी दुसरा भाग नव्या चित्रांसह एका संग्रहात तेथे पोहोचला, आणि त्याचे नाव ठेवले गेले ‘द लॉस्ट लेव्हल्स’, म्हणजे हरवलेल्या पातळ्या. मूळ रूपात तो अमेरिकेत विक्रीस आला २००७ मध्ये, तोही याच नावाने.

आमचा आक्षेप या ‘हरवलेल्या’ शब्दाला आहे. जपानी खेळाडूंच्या लेखी हा खेळ कधीच हरवला नव्हता. तो त्यांच्या घरात होता. न पाहणाऱ्याने न पाहिलेल्या वस्तूला हरवलेली म्हटले, आणि बाजार मोठा असल्याने तेच नाव जपानबाहेर रूढ झाले. याउलट, इमाजिनचे कुटुंब खरोखरच दृष्टीआड गेले. त्यांच्या उड्या, त्यांचे शत्रू, त्यांची भूमी हे सारे मारिओच्या नावावर जमा झाले. पण तो खेळ त्यांच्या रूपात निन्टेन्डोने पुन्हा विक्रीस आणला नाही. त्याच्या मूळ डिस्क तेवढ्या उरल्या, आणि त्यांतल्याही काहींवर ५०० येनांत दुसरे काही लिहिले गेले असणार.

अमेरिकी रूपांतर हिणकस आहे, असे आम्ही म्हणत नाही. धावण्याची सोय त्यातच आली, आणि अनेकांच्या बालपणीचा मारिओ तोच आहे. पण ‘दुसरा भाग कोणता?’ या प्रश्नाला एकच उत्तर देणारा इतिहास अपुरा मानावा लागतो. ते नाव कोणत्या देशात, कोणत्या वर्षी आणि कोणत्या खेळाला होते, हे सांगूनच पुढे गेले पाहिजे. आणि त्या यादीत इमाजिन, लीना, मामा व पापा यांनाही स्वतःच्या नावाची ओळ मिळाली पाहिजे.