जमिनीला कान लावणारी तार



मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंनी बोअर घेतला. थोडं कर्ज गटाचं, बाकी कानातलं गहाण ठेवून. पाणाड्याने तळहातावर नारळ उभा करून जागा दाखवली होती. गाडी साडेतीनशे फूट खाली गेली आणि वर आला नुसता धुरळा. गाडीवाल्याचे पैसे फुटावर असतात, पाण्यावर नसतात. ताई हप्ते अजून फेडतायत.

त्या महिन्याच्या बैठकीत एक नवीन सून म्हणाली, "माझ्या सासूबाईंचं एमआरआय झालं, मेंदूतलं सगळं दिसलं. जमिनीच्या पोटातलं असं नाही का बघता येत?" सगळ्या हसल्या, मीही हसले. मग सवडीने वाचायला बसले तर हसल्याची लाजच वाटली. तसं यंत्र खरोखर आहे आणि त्यामागचं शास्त्र एमआरआयचंच आहे. त्याची हकीकत आज सांगते.

पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजन असतो. त्याचा गाभा म्हणजे इवलासा लोहचुंबकच, आणि तो भोवऱ्यासारखा डोलतो. चुंबक जवळ असला तर हे डोलणं ठरावीक लयीत होतं. झोक्याला त्याच्याच लयीत हात दिला की तो चढतो ना? तसंच त्याच लयीचा विजेचा धक्का दिला की हे सगळे भोवरे एकदम कलतात. धक्का थांबला की पुन्हा जागेवर येताना बारीकसा आवाज करतात, म्हणजे विजेची खूण सोडतात. १९४६ साली अमेरिकेत फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल या दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी काम करून ही खूण पकडली. १९५२ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. दवाखान्यातलं एमआरआय यातूनच पुढे आलं. आत जाताना बांगड्या, मंगळसूत्र काढायला लावतात ते तिथल्या प्रचंड चुंबकामुळे.

शेतात एवढा चुंबक कुठून आणायचा? आणायची गरजच नाही, कारण पृथ्वी स्वतःच चुंबक आहे. दवाखान्यातल्या चुंबकापेक्षा तीसेक हजार पट कमजोर, पण फुकट आणि सगळीकडे. कॅलिफोर्नियातल्या रसेल व्हेरियन यांना हे लवकर सुचलं. जमिनीवर तार अंथरून खालचं पाणी ऐकायचं, अशा कल्पनेच्या पेटंटसाठी त्यांनी अर्ज केला. मंजुरी आली १९६२ मध्ये. व्हेरियन १९५९ मध्येच वारले होते. सरकारी कागद कुठेही सावकाशच चालतो, हे वाचून मला जरा बरंच वाटलं.

कल्पना कागदावर राहिली, कारण पाण्याची ती खूण फार क्षीण असते, व्होल्टचा अब्जावा भाग म्हणा किंवा त्याच्या आसपास. जवळून विजेची लाइन गेली, लांब कुठे वीज कडाडली, तरी त्या गोंगाटात ती बुडून जाते.

ती ऐकायचं काम केलं सैबेरियात. नोव्होसिबिर्स्क शहरातल्या एका रसायनशास्त्राच्या संस्थेत ए. जी. सेम्योनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ पासून प्रयोग सुरू केले. त्यांच्या यंत्राचं नाव हायड्रोस्कोप. ते तपासायची त्यांची युक्ती मला फार आवडली. हिवाळ्यात ओब नदीवरचं धरण गोठतं. बर्फावर तार पसरायची आणि खालचं पाणी मोजायचं. बर्फाखाली किती पाणी आहे हे आधीच माहीत असतं, त्यामुळे यंत्र खरं बोलतंय की खोटं, ते लगेच कळतं. आपला पाणाडी अशी परीक्षा देईल का, हा विचार माझ्या मनात आलाच.

काम चालतं ते असं. साधारण शंभर मीटर बाजूचा तारेचा चौकोन जमिनीवर अंथरतात. त्यातून जोरदार वीज सोडतात, तीही सेकंदाच्या काही शतांश भागापुरतीच. वीज बंद केली की तीच तार कान होते. कमी जोराचा धक्का वरचं पाणी जागं करतो, जास्त जोराचा खोलवरचं. शंभरेक मीटर खोलीपर्यंत अंदाज येतो. परत परत मोजावं लागतं, कधी कधी अख्खा दिवस जातो. खूण मोठी, म्हणजे पाणी जास्त. खूण हळूहळू विरली तर पाणी वाळूच्या किंवा खडीच्या मोठ्या पोकळ्यांत आहे. चिकणमातीत अडकलेल्या पाण्याची खूण इतकी झटकन विरते की यंत्राला ती ऐकूच येत नाही. ते एका परीने बरंच, कारण ते पाणी विहिरीत उतरतही नाही. खुंट्या ठोकून वीज सोडायची जी जुनी तपासणी आहे, तिला ओली चिकणमाती आणि पाणी यांतला फरक नीट कळत नाही, आणि माणूस फसतो.

विजेच्या लाइनीचा गोंगाट कमी करायलाही उपाय सापडला. तार आठाच्या आकड्यासारखी अंथरायची, म्हणजे दोन वेटोळ्यांतला बाहेरचा आवाज एकमेकांना खोडतो. १९९० च्या दशकात हे तंत्र फ्रान्समध्ये गेलं, नोव्होसिबिर्स्कचे अनातोली लेगचेंको हे शास्त्रज्ञही तिकडे गेले आणि तिथे विकायचं यंत्र तयार झालं. पुढे बुर्किना फासो, कंबोडिया अशा गरीब देशांत विहिरींच्या जागा शोधायला ते वापरलं गेलं.

पण त्याची खरी कसोटी लागली माँ ब्लाँ डोंगरावर. तिथे तेत रूस नावाची हिमनदी आहे. १८९२ च्या जुलैत तिच्या पोटात साठलेलं पाणी रात्री फुटून खाली आलं आणि सेन-जर्व्हे भागात १७५ माणसं गेली. नंतर पाणी काढून द्यायला बोगदा खणला. शंभर वर्षांनी प्रश्न आला, हा बोगदा आता सांभाळायची गरज आहे का? तपासायला गेले तर रडारवर काहीतरी संशयास्पद दिसलं. २००९ मध्ये बर्फावर ही तार अंथरली आणि तिने सांगितलं, आत सुमारे ५५,००० घनमीटर पाणी आहे. आपल्या दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर साडेपाच हजार टँकर. खाली तीनेक हजार लोक राहत होते. धोक्याचा भोंगा बसवला, आणि २०१० च्या उन्हाळ्यात पंप लावून ४७,७०० घनमीटर पाणी उपसलं. त्यानंतरच्या दोन वर्षांतही पुन्हा उपसावं लागलं. आपल्याकडे पाणी सापडावं म्हणून नवस, आणि तिकडे सापडलेलं पाणी बाहेर काढण्याची घाई.

आता तुम्ही विचाराल, मग आपल्या तालुक्यात हे का नाही? नुसती महागाई हे उत्तर असतं तर मी इथे मागणीच केली असती. अडचण आपल्या दगडाची आहे. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. ओढ्यातल्या काळ्या वाळूतून मुलं लोहचुंबक फिरवतात तेव्हा त्याला काळी मिशी फुटते. तेच चुंबकी कण या पाषाणात असतात. त्यांच्यामुळे पृथ्वीचा चुंबक जागोजागी वाकडातिकडा होतो, सगळ्या भोवऱ्यांची लय एक राहत नाही आणि खूण ऐकू येण्याआधीच मरते. त्यात आपलं पाणी भेगांमधलं, थोडंसं. कर्नाटकात बंदीपूरच्या परिसरातल्या वेगळ्या खडकात, ग्नाइसमध्ये, हे मोजमाप करून पाहिलं आहे. वरच्या कुजलेल्या थरातलं पाणी कळलं, खोल भेगांतलं पकडणं तिथेही अवघड गेलं.

सुनेला मी पुढच्या बैठकीत हे सगळं सांगितलं. ती जरा हिरमुसली. मग म्हणाली, "यंत्राला कळत नाही तर नाही. पण आतापर्यंत मारलेल्या बोअरना तर माहीत आहे ना खाली काय आहे ते?" तेव्हापासून आम्ही वही घातली आहे. शिवारात कोणाचा बोअर किती फूट, मुरूम कितीवर संपला, पहिलं पाणी कितीवर लागलं, मे महिन्यात किती उरतं. गाडीवाल्याचे पैसे देण्याआधी त्याच्याकडून थरांची नोंद लिहून घ्यायची, असंही ठरलं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे लोक विहिरींची पातळी मोजायला येतात तेव्हा ही वही त्यांना दाखवणार आहोत. आतापर्यंत एकोणीस नोंदी झाल्या. पहिली नोंद त्या ताईंनी स्वतः लिहून दिली, साडेतीनशे फूट, कोरडा.