मातांची वही आणि ख्रिस्तपुराण

टिटवाळ्याचें नांव घेतलें म्हणजे महागणपतीचें देऊळ आणि अंगारकीच्या दिवशीं लोटणारी गर्दी आपणांस आठवते. तेथील एका निवृत्त शाळामास्तरानें कॅथलिक मातांच्या वाचनाच्या इतिहासाविषयीं बोलावें, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. मी कांहीं विद्वान नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. परंतु एका शंभर पानी वहीनें मला या विषयाकडे ओढून नेलें, म्हणून प्रथम त्या वहीचीच हकीकत सांगतों.

आमच्या शेजारीं मूळचें वसईकडील एक कॅथलिक कुटुंब राहतें. त्या घरच्या बाईंची व त्यांच्या सातआठ मैत्रिणींची मिळून ही वही आहे. रविवारचा मिस्सा आटोपून मुलें धर्मशिक्षणाच्या वर्गांत गेलीं, कीं या आया चर्चच्या आवारांत थांबतात आणि वही हातोहात फिरते. जिनें जें पुस्तक वाचलें असेल, तिनें त्याचें नांव लिहावें व शेजारीं एखादा शेरा द्यावा, एवढाच नियम. शेरे मोठे मार्मिक आहेत. ‘मोठ्यानें वाचावें’, ‘मुलगी बारा वर्षांची झाल्यावर’, ‘शेवटचें प्रकरण आधीं आपण एकटीनें वाचावें’. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचें २०१० सालीं निघालेलें ‘सुबोध बायबल’ पहिल्याच पानावर आहे. परंतु त्याच्या खालोखाल साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आणि लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ आहेत. लक्ष्मीबाई प्रॉटेस्टंट पंथाच्या, श्यामची आई तर कोंकणांतील ब्राह्मण घरची! या बायांनीं कोणाला न विचारतां कुंपण ओलांडलें, हें पाहून मला संतोष वाटला.

वहीच्या शेवटच्या पानावर एकच नांव होतें: ‘ख्रिस्तपुराण’, आणि त्यापुढें शेरा नाहीं, नुसतें प्रश्नचिन्ह.

“मास्तर, हें पुस्तक खरोखरीचें आहे, कीं नुसतें ऐकीव?” बाईंनीं विचारलें. “आमची आजी नांव घ्यायची. पाहिलेलें मात्र आमच्यांत कोणीच नाहीं.”

पुस्तक खरोखरीचें आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आले आणि १६१९ सालीं तेथेंच वारले. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग साष्टींत गेला. ही साष्टी गोव्याची, आमच्या ठाण्याजवळची नव्हे. त्यांनीं मराठीत, कोंकणीचें मिश्रण ठेवून, ओवी छंदांत ख्रिस्ताची कथा रचली. ओव्या सुमारें ११,०००, भाग दोन, पहिल्यांत जुन्या करारांतील कथा, दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र. १६१६ सालीं राचोल येथें हा ग्रंथ छापला गेला. एका परदेशी माणसानें आपल्या भाषेंत एवढा ग्रंथ लिहावा, याचें कौतुक आजवर पुष्कळांनीं केलें आहे व तें योग्यच आहे. मला मात्र त्याहून महत्त्वाची वाटते ती ग्रंथाच्या आरंभीं आलेली एक मागणी. नव्यानें ख्रिस्ती झालेले लोक तेथें पाद्र्यास विचारतात कीं, आमचीं जुनीं पुराणें वाचूं नका असें आपण सांगितलें, तर मग त्यांच्या जागीं तशींच दुसरीं कां देत नाहीं? म्हणजे हा ग्रंथ केवळ वरून आलेला नव्हे. वाचनावांचून ज्यांचीं घरें सुनीं झालीं, त्यांनीं तो मागून घेतला. ‘काय वाचूं?’ हा प्रश्न वाचणारानें विचारला आणि उत्तरादाखल ग्रंथ निर्माण झाला, असें उदाहरण आपल्या वाङ्मयांत क्वचितच सांपडेल.

या कथेंत बाया कोठें होत्या? वाचणारांत त्या फारशा नसाव्यात. देवनागरीचे खिळे पाडणें फार अवघड, कारण जोडाक्षरांपायीं त्यांची संख्या शेंकड्यांनीं होई. स्टीफन्सची इच्छा देशी अक्षरांत छापण्याची होती, तशी विनंतीही त्यांनीं रोमला १६०८ सालीं लिहून केली. पण ग्रंथ निघाला तो रोमन लिपींत. ती लिपी गांवांतल्या मोजक्याच पुरुषांस येत असणार. तेव्हां एकानें वाचावें आणि बाकीच्यांनीं ऐकावें, हाच मार्ग उरला. चर्चमध्यें रविवारीं व सणावारीं पुराणाचें वाचन होई. आमच्या आळींत चातुर्मासांत पोथी लागे, तेव्हां माझी आई तांदूळ निवडीत ऐकत बसे आणि दुसऱ्या दिवशीं तीच कथा आम्हां भावंडांना जेवतांना सांगे. गोव्यांतल्या आईचें याहून निराळें कांहीं असेल, असें मला वाटत नाहीं. ओवी ही जात्यावरची. ती बायकांच्या कानाला शिकवावी लागत नाहीं.

पुढें या ग्रंथावर कठीण काळ आला. १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आवृत्त्या निघाल्या खऱ्या, पण १६८४ सालीं पोर्तुगीज विजरईनें फर्मान काढलें कीं, तीन वर्षांत लोकांनीं देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. भाषा कांहीं फर्मानानें मरत नाहीं. परंतु पुस्तकें मरतात. या तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ तगला तो गोव्यांतून कानडा जिल्ह्यांत गेलेल्या कॅथलिक कुटुंबांच्या घरीं, हातानें उतरलेल्या प्रतींच्या रूपानें. १७८४ सालीं टिपूनें या लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें. १७९९ नंतर जे वांचले ते परतले. एवढी वाताहत होऊनही प्रती राहिल्या. १९०७ सालीं मंगळुरास जोसेफ साल्ढाणा यांनीं अशाच हस्तलिखितांवरून ग्रंथ पुन्हां छापला. पुढें आपल्या संतांचीं चरित्रें इंग्रजींत नेणारे जस्टिन ॲबट यांना लंडनच्या मार्सडेन संग्रहांत देवनागरी हस्तलिखित आढळलें आणि १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास देवनागरी आवृत्ति काढली. मधल्या अडीचशें वर्षांत ती पोथी कोणीं कोणाला उतरून घेण्यास दिली, याची नोंद नाहीं. पण घरोघर ‘आमच्याकडे आहे, नेऊन वाचा’ असें म्हटलें गेल्यावांचून असें होत नाहीं.

आमच्या उत्तरेकडील वसई-साष्टींत निराळेंच पुस्तक रुळलें होतें. फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश यांचें ख्रिस्ताच्या दुःखभोगावरील पुराण १६५९ सालीं लिस्बनला छापलें गेलें आणि तें या भागांत उपासकाळांत गाइलें जाई. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई घेतली, तेव्हां पोर्तुगीज पाद्री गेले. भाविक येथेंच राहिले. त्या विरळ धर्मगुरूंच्या दिवसांत मुलांस प्रार्थना शिकविण्याचा भार कोणावर पडला असेल, तें सांगावयास नको.

रोमनें १५५९ सालीं निषिद्ध ग्रंथांची यादी प्रसिद्ध केली आणि ती १९६६ सालापर्यंत लागू होती. तिच्यामागें सद्हेतु नव्हता असें मी म्हणत नाहीं. पण ‘काय वाचूं नये’ हें सांगण्यास एक कचेरी पुरते. ‘काय वाचावें’ हें सांगण्यास त्या मुलाचें वय, त्याचा स्वभाव, रात्रीं त्याला भीति वाटते कीं काय, हें सारें ठाऊक असावें लागतें.

येथें माझा एक अपराध कबूल करतों. एका शाळेंत पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याजवळ असे. एका विद्यार्थ्याची आई एके दिवशीं दारांत येऊन म्हणाली, “गुरुजी, वाचायला कांहीं मिळेल कां?” मीं नियम सांगितला: पुस्तकें विद्यार्थ्यांसाठींच. ती मुकाट्यानें गेली. दुसऱ्या दिवशीं तिच्या मुलानें मोठ्या माणसांचें एक जाड पुस्तक मागितलें आणि आठ दिवसांनीं खाकी कागदाचें आवरण घालून परत आणलें. पुढें वर्षभर तो मुलगा असाच पुस्तकें नेत होता. कोण वाचतें हें मला कळत होतें. तरीहि त्या माउलीला बोलावून कपाटापुढें उभें करावें, हें मला सुचलें नाहीं.

असो. बाईंच्या प्रश्नासाठीं एका जुन्या वाचनालयांतून बंडेलू यांची आवृत्ति मिळविली आणि त्यांच्या ओटीवर सायंकाळीं वाचावयास बसलों. पहिलीं चार पानें कोणालाच नीट समजलीं नाहींत, मलाहि नाहीं. मग चाल सांपडली. तिसऱ्या सायंकाळीं बाईंच्या ऐंशी वर्षांच्या सासूबाई माझ्याआधींच अर्धा शब्द पुरा करूं लागल्या, कारण त्यांच्या घरच्या सामवेदी बोलींतले कित्येक शब्द त्यांना त्यांत ओळखीचे वाटले. गेल्या महिन्यांत वही पुन्हां पाहिली. शेवटच्या पानावरचें प्रश्नचिन्ह खोडलेलें असून शेजारीं शेरा आहे: ‘मोठ्यानेंच वाचावें. सासूबाईंना जवळ बसवावें.’