स्फोटकांचा मुक्काम

स्फोटक द्रव्यांच्या इतिहासात लढायांना आणि कारखान्यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे त्यांच्या प्रवासाला मिळालेले नाही. कोठारातील दारूची जबाबदारी कोणाची, हे कायद्याने पूर्वीच ठरविले. रस्त्याने धावणाऱ्या गाडीची जबाबदारी कोणाची, हेही त्याने ठरविले. परंतु कोठार सोडलेली आणि इष्ट स्थळी न पोहोचलेली गाडी वाटेत रात्रीपुरती थांबली, म्हणजे ती धड वाहन राहत नाही आणि धड कोठारही होत नाही. या मधल्या अवस्थेचा कायदा फार उशिरा तयार झाला, आणि तोही बहुधा प्रेतांची मोजदाद झाल्यानंतर.

कोठाराचा विचार आपल्याकडे जुना आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात दुर्गांच्या प्रकरणी दारूखान्याविषयी जे सांगितले आहे, ते कोणाही वकिलाने मुद्दाम वाचावे असे आहे. दारूखाना राहत्या घराजवळ नसावा. सदरेपासून दूर जागा पाहून भोवती दाट झाडीचे कुसू घालावे. आत तळघर करावे. दारूला सर्दी लागू देऊ नये. हवालदाराने आठपंधरा दिवसांनी येऊन ती बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी. रात्रंदिवस पहारा असावा, व परवानगीवाचून माणूस आसपास फिरकू देऊ नये. अंतर, आडोसा, तपासणी, मुद्रा आणि पहारा ही ती पाच तत्त्वे होत. आजच्या नियमांत मोजमापे बदलली आहेत. तत्त्वे मात्र हीच आहेत.

तथापि हे नियम गडावरचे होते. गडाची जागा सरकारची, दारू सरकारची आणि पहारेकरीही सरकारचेच. दारू गडाखाली उतरून गाड्यांवर चढली, म्हणजे प्रश्न पालटतो. जुलै १८०१ मध्ये उज्जैनजवळ यशवंतराव होळकरांनी दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. तोफखान्यामागून दारूचे गाडे चालावयाचे आणि संध्याकाळ होताच कोठे तरी थांबावयाचे, हे त्या काळच्या प्रत्येक मोहिमेचे ओझे होते. गाडे ज्या गावाशेजारी थांबतील त्या गावाला कोणी विचारीत नसे.

युरोपातही हीच स्थिती होती. १२ जानेवारी १८०७ रोजी हॉलंडमधील लायडन शहरात, भर वस्तीतील कालव्यात बांधून ठेवलेले बंदुकीच्या दारूचे एक जहाज उडाले. त्यात शेकडो पिंपे भरलेली होती. १५१ माणसे मेली आणि दोनशेहून अधिक घरे जमीनदोस्त झाली. जहाज शहराचे नव्हते आणि मालही शहरासाठी नव्हता. ते केवळ वाटेत थांबले होते. पुढे २ ऑक्टोबर १८७४ रोजी लंडनच्या रीजंट कालव्यात दारू आणि खनिज तेल एकत्र वाहून नेणारी एक नाव पुलाखालून जात असता उडाली. मृत्यू तीनच झाले. पण ते राजधानीच्या भरवस्तीत झाले, आणि दुसऱ्याच वर्षी इंग्लंडमध्ये स्फोटकांचा सर्वंकष कायदा मंजूर झाला. त्या पाठोपाठ आपल्याकडे १८८४ चा कायदा आला. त्याच्या पाचव्या कलमाने निर्मिती, ताबा, वापर, विक्री, वाहतूक आणि आयात यांविषयी नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला. या यादीत ताबा आहे आणि वाहतूकही आहे. मुक्काम हा शब्द मात्र नाही. आज ज्या खात्याकडे या कायद्याचा अंमल आहे, त्याचे मुख्य कार्यालय नागपूरला आहे.

नियम असूनही प्रसंगी ते कसे बाजूस सारले जातात, हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि कराचीस त्याच जहाजात कापसाच्या हजारो गाठी चढविल्या होत्या. शांततेच्या काळात असे जहाज गोदीत घेत नसत. स्फोटके बाहेर पाण्यातच पडावांवर उतरवून घेत. युद्धाच्या घाईत ही रीत सोडून जहाज व्हिक्टोरिया गोदीत आणले गेले. ते १२ एप्रिलला आले आणि दोन दिवसांनी, दुपारी, त्याच्या पोटात आग दिसली. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मेली. त्यांत आग विझविण्यास गेलेले अनेक जवानही होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. कापूस आणि स्फोटके शेजारी ठेवण्याचा दोष कराचीतला. ती शहराला टेकवून उभी करण्याचा दोष मुंबईतला. पहिल्या दोषामुळे आग लागली आणि दुसऱ्यामुळे शहर जळाले.

महामार्गांचा काळ आल्यावर हाच प्रकार मोटारींच्या बाबतीत घडला. ७ ऑगस्ट १९५६ च्या मध्यरात्रीनंतर कोलंबियातील काली शहरात, रेल्वे स्थानकाजवळ रात्रीपुरत्या उभ्या केलेल्या सात लष्करी ट्रकांतील डायनामाइटचा स्फोट झाला. मृतांची संख्या हजाराच्या वर गेल्याचे मानतात. बरोबर तीन वर्षांनी, ७ ऑगस्ट १९५९ रोजी, अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील रोझबर्ग गावी हेच घडले. सुमारे साडेसहा टन स्फोटके भरलेला ट्रक एका इमारतीजवळ उभा करून चालक हॉटेलात झोपला होता. रात्री त्या इमारतीस आग लागली, ती ट्रकापर्यंत पोहोचली आणि १४ माणसे मेली. येथे ट्रकात बिघाड नव्हता आणि मालही सदोष नव्हता. चूक होती ती जागेची आणि पहारा नसल्याची.

अमेरिकेच्या आजच्या नियमांत या अनुभवाचे सार दिसते. तीव्र स्फोटकांची गाडी सर्वकाळ कोणाच्या तरी नजरेखाली असली पाहिजे. पूल, बोगदा, राहते घर अथवा माणसे जमतात किंवा काम करतात अशी जागा, यांपासून ३०० फुटांच्या आत ती उभी करता येत नाही. अपवाद फक्त दुसरा इलाज नसलेल्या अल्प थांब्याचा. गाडी पहाऱ्यावाचून सोडावयाची तर ती सरकारने लेखी मान्यता दिलेल्या सुरक्षित थाऱ्यावरच. त्या थाऱ्याची जागा, कुंपण, आग विझविण्याची सोय आणि देखरेख यांची मानके स्वतंत्रपणे ठरविलेली आहेत. आज्ञापत्रातील दारूखाना शेवटी रस्त्याच्या कडेला आला, असेच म्हणावे लागते.

आपल्याकडे २००८ चे स्फोटक नियम लागू आहेत. वाहतुकीसाठी परवान्याची गाडी लागते, जबाबदार माणूस बरोबर असावा लागतो आणि गाडी वाऱ्यावर सोडता येत नाही. कागदावर फारसे उणे नाही. परंतु माळव्यात राहणाऱ्याला १२ सप्टेंबर २०१५ विसरता येत नाही. उज्जैनच्या पश्चिमेस, झाबुआ जिल्ह्यातील पेटलावद गावी, बस स्थानकाजवळच्या इमारतीत साठविलेल्या जिलेटिनच्या कांड्या आणि डिटोनेटर सकाळच्या वेळी उडाले आणि सत्तरांहून अधिक माणसे मेली. आधी आग दिसली, लोक पाहावयास जमले, आणि मग मोठा स्फोट झाला. त्या लोकांत दुष्ट कोणी नव्हते. त्या भिंतीआड काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

माळव्याच्या काळ्या मातीखाली कठीण पाषाण आहे. विहीर खणावयाची तर सुरुंग लागतो, रस्त्याला खडी हवी तर खाणीत सुरुंग लागतो. २०२८ च्या सिंहस्थासाठी उज्जैनचे रस्ते रुंद होत असता खडीची गरज वाढणारच. फ्रीगंज ही आमची शिंदेशाहीत आखून वसविलेली वस्ती. तिच्या आसपासून इंदूर, देवास, मक्सीकडे वाहतूक चालू असते. तेव्हा स्फोटके येऊ नयेत असे म्हणणे व्यर्थ आहे. ती येणारच, ती कोठे थांबतात, हा प्रश्न आहे.

नुकसानभरपाईचा कायदा आपल्या देशात या बाबतीत पुढे गेला आहे. रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या १८६८ च्या इंग्लिश निवाड्यातील तत्त्व जमिनीला बांधलेले होते: ज्याने आपल्या जमिनीवर घातक वस्तू आणून ठेवली, ती तेथून सुटली तर जबाबदार तो. दुसऱ्याच्या दारी रात्रभर उभ्या राहिलेल्या ट्रकाला हे तत्त्व नीट बसत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात डिसेंबर १९८६ मध्ये घातक उद्योगाची जबाबदारी निरपवाद ठरविली. काळजी घेतली होती ही सबब तेथे चालत नाही. हा निर्णय मोलाचा आहे. परंतु तो स्फोट झाल्यानंतर उपयोगी पडतो, आणि पेटलावदच्या विधवांना निवाडा नव्हे, अंतर हवे होते.

म्हणून मागणे साधे आहे. प्रत्येक जिल्ह्यातील स्फोटकांच्या मार्गावर वस्तीपासून दूर, कुंपणाचे आणि पहाऱ्याचे थांबे आखलेले असावेत. त्यांची यादी नजीकच्या पोलीस ठाण्यात आणि अग्निशमन केंद्रात असावी. आणि ज्या गावाच्या शिवेत तो थांबा आहे, त्या गावाला तो माहीत असावा. आज्ञापत्राने गडावरील लोकांसाठी एवढी काळजी तीनशे वर्षांपूर्वी घेतली होती. रस्त्याकाठच्या लोकांसाठी ती घेणे अजून आपल्याकडे बाकी आहे.