अमॅडियस क्वार्टेट : चौघांची चाळीस वर्षे

दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो एवढ्या सामग्रीवर पाश्चात्त्य अभिजात संगीतातील स्ट्रिंग क्वार्टेट उभे राहते. त्यात हातवारे करून वादकांना सांभाळणारा संचालक नसतो. लंडनच्या अमॅडियस क्वार्टेटने हा प्रकार चाळीस वर्षे एकही वादक न बदलता वाजवला.

नॉर्बर्ट ब्रेनिन, सिगमंड निसेल आणि पीटर शिडलॉफ हे तिघे ज्यू. 1938 साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर ते कोवळ्या वयात इंग्लंडला आले. 1940 मध्ये ब्रिटिश सरकारने अशा निर्वासितांनाच ‘शत्रुदेशीय’ ठरवून छावण्यांत डांबले. तिथेच शिडलॉफची आधी ब्रेनिनशी, मग निसेलशी गाठ पडली. सुटकेनंतर मॅक्स रोस्टाल या नामांकित गुरूने त्यांना विनामूल्य शिकवले.

तिघेही व्हायोलिनवादक असल्याने क्वार्टेट उभारताना अडचण आली. शिडलॉफने व्हायोलिन ठेवून व्हायोला उचलला. हे वाद्य आकाराने मोठे, पंचमाने खाली लागणारे. बोटांचे अंतर आणि गजाचा दाब नव्याने बसवावा लागतो. पुढे याच व्हायोलाचा भरदार स्वर या संचाची ओळख बनला. चौथा वादक, चेलोवाला मार्टिन लव्हेट, इंग्लंडमध्येच जन्मलेला. 10 जानेवारी 1948 रोजी विगमोर हॉलमध्ये त्यांची पहिली मोठी मैफल झाली; खर्च संगीतकार इमोजेन होल्स्ट यांनी उचलला होता.

हायडन, मोझार्ट, बीथोव्हेन, शूबर्ट, ब्राम्स हेच त्यांचे घर. आधुनिक रचनांकडे ते क्वचितच वळले. ब्रेनिनच्या वादनातला उमाळा आणि मोकळा कंप काही समीक्षकांना जास्त वाटे. पण निसेलच्या संयत दुसऱ्या व्हायोलिनमुळे तोल ढळत नसे. दुय्यम समजली जाणारी ही जागा किती मोलाची असते, हे त्यांच्या ध्वनिमुद्रणांत स्पष्ट ऐकू येते. डॉइश ग्रामोफोनसाठी त्यांनी बीथोव्हेनची सगळी क्वार्टेट्स मुद्रित केली.

बेंजामिन ब्रिटनने आपले तिसरे क्वार्टेट त्यांच्यासाठी लिहिले. आजारी ब्रिटनला त्यांनी ते वाजवून दाखवले. पण 19 डिसेंबर 1976 रोजी स्नेप येथे पहिला जाहीर प्रयोग झाला, तेव्हा त्याच्या निधनाला पंधरवडा उलटला होता.

1987 च्या ऑगस्टमध्ये शिडलॉफचे निधन झाले. उरलेल्या तिघांनी नवा व्हायोलावादक घेतला नाही; संच विसर्जित केला.