पितळी चाकांतली भरती

१८७९ साली लंडनच्या लेजे कंपनीच्या कारखान्यात एक पितळी यंत्र तयार झालं. रचना एडवर्ड रॉबर्ट्स यांची, गिऱ्हाईक हिंदुस्थान सरकार. इथल्या बंदरांत पुढल्या वर्षी भरती कधी येईल आणि पाणी किती चढेल, एवढंच त्यानं सांगायचं होतं.

कोकणातल्या नाखव्याला वेळेसाठी असं काही लागत नव्हतं. तिथीची पाऊणपट केली की झालं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. तीनच्या सुमारास पूर्ण भरती, तिथून सहा तासांनी ओहोटी. कुलाबा किल्ल्यात चालत जाणारे आजही हाच हिशेब करतात. तो जुळतो, कारण तिथी चंद्राची आणि भरतीही त्याचीच. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, तेवढीच भरतीही मागे सरकते.

मात्र दिवसातून दोनदा भरती का, याचं उत्तर पाऊणकीत नाही. ते १६८७ साली न्यूटननं दिलं. चंद्राच्या बाजूच्या पाण्यावर त्याची ओढ पृथ्वीच्या मध्यापेक्षा थोडी जास्त, पलीकडच्या पाण्यावर थोडी कमी. त्यामुळे समोरचं पाणी पुढे फुगतं आणि पलीकडचं मागे राहून फुगतं. सूर्याची ओढही अशीच, पण परिणाम चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत आली की उधाण, अष्टमीच्या आसपास काटकोनात आली की भांगाची भरती.

हे सगळं समजूनही मुंबईचं पाणी किती चढेल ते कागदावर काढता येत नाही. किनारा, उथळ तळ आणि आखाताचा आकार मध्ये येतात. खंबायतच्या आखातात पाणी अरुंद होत जाणाऱ्या जागेत कोंडलं जातं आणि भावनगरला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरांपर्यंत जातो. भडोचच्या खाडीतली ही ओढ इतकी भयंकर, की इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तिचं वर्णन आहे. परक्या जहाजांना वाट दाखवायला राजाचे वाटाडे होड्या घेऊन पुढे येत.

मुंबईत प्रश्न पैशाचा झाला. १८८० साली प्रिन्सेस डॉक खुला झाला. अशा गोदीत जहाज घ्यायचं तर दरवाजे भरतीला उघडायचे आणि पाणी आत अडवायचं. तिथं ‘तीनच्या सुमारास’ चालत नाही, उंचीही हवी.

म्हणून आधी मोजणी. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ए. डब्ल्यू. बेअर्ड यांच्याकडे हे काम होतं, आणि अपोलो बंदरावरच्या नोंदी १८७८ पासून सुरू झाल्या. मापकाची करामत साधी. समुद्राशी जोडलेल्या विहिरीत एक तरंगी, तिला तार, तारेच्या टोकाला पेन्सिल. घड्याळाच्या गतीनं फिरणाऱ्या कागदावर ती दिवसरात्र वर-खाली रेघ ओढते. लाटांचा हिंदोळा विहिरीबाहेरच राहतो. त्या रेघेची फोड करून प्रत्येक ओढीचा वाटा काढायचा: चंद्राचा, सूर्याचा, चंद्र जवळ-दूर जाण्याचा. यंत्रात प्रत्येक वाट्याला आपली चाकं. सुरुवातीला असे वीस घटक होते, पुढे चोवीस झाले. सगळ्या कप्प्यांवरून एकच तार जाई आणि तिच्या टोकाची लेखणी बेरीज रेखाटून देई. आकडेमोडीचा केवढा कंटाळा वाचला असेल!

मापकाला मात्र न मागितलेलंही नोंदवावं लागलं. २७ ऑगस्ट १८८३ ला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, आणि हिंदुस्थानातल्या अनेक बंदरांच्या कागदांवर भरतीच्या रेघेत भलतेच हिसके उमटले. त्यांवरचा बेअर्ड यांचा अहवाल पुढल्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर आला.

आता हिशेब संगणक करतो आणि गरजही बदलली आहे. साडेचार मीटरांहून उंच भरतीच्या दिवसांची यादी मुंबई महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते, कारण त्या वेळी समुद्राची पातळी गटारांच्या मुखांहून वर असते आणि शहरातलं पाणी बाहेर पडत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हाही भरती होतीच.