आइनस्टाइनची उजळणी

मंडळी, आमची नात यंदा अकरावी सायन्सला आहे. परवा भौतिकशास्त्राचं एक उदाहरण सोडवताना साइन-कोसाइनपाशी अडली. म्हटलं, दहावीचं पुस्तक काढ. तर म्हणाली, "आजोबा, मागचं पुस्तक उघडायची लाज वाटते."

मी पडलो इतिहासाचा मास्तर. तिला एक गोष्ट सांगितली.

१८९६ ते १९०० या काळात आइनस्टाइन झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकत होता. मिंकोव्हस्कीसारखा थोर गणिती शिकवायला होता, पण हा पठ्ठ्या तासांना दांडी मारी. परीक्षा आली की मार्सेल ग्रोसमान या वर्गमित्राच्या नीटनेटक्या वह्या कामी येत.

१९०७ साली त्याला सुचलं की वरून पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवणार नाही. त्यातून गुरुत्वाकर्षणाचा नवा विचार सुरू झाला. पण तो समीकरणात मांडायला वक्र अवकाशाची भूमिती हवी होती, आणि ती याला येत नव्हती! १९१२ मध्ये तो झुरिकला प्राध्यापक म्हणून परतला. ग्रोसमान तिथेच भूमितीचा प्राध्यापक होता. तेहतिसाव्या वर्षी, नावलौकिक मिळालेला असताना, आइनस्टाइन पुन्हा त्याच्याच दारी गेला. रीमानची भूमिती, रिची आणि लेव्ही-चिव्हिता यांची गणिती रीत, सगळं शिकायला बसला. त्याच वर्षी सोमरफेल्डला लिहिलेल्या पत्रात त्याने कबूल केलं की गणिताबद्दल आता फार आदर वाटतो. त्यातला सूक्ष्म भाग आपण आजवर निव्वळ चैन समजत होतो. १९१३ मध्ये दोघांचा निबंध निघाला. तरी समीकरणं पुरती जुळली नव्हती. ती जुळली नोव्हेंबर १९१५ मध्ये, बर्लिनला.

नात हसली. दहावीचं पुस्तक निघालं. आता रोज अर्धा तास आम्ही दोघं बसतो. गुणोत्तर, घातांक, सूत्रातलं अक्षर एका बाजूला आणणं, आलेखाचा चढ आणि काटकोन त्रिकोण. काल ३० अंशांच्या उतारावर १० न्यूटन वजनाचा ठोकळा ठेवला. साइन ३० म्हणजे अर्धा, म्हणून उताराच्या दिशेने ५ न्यूटनची ओढ. तिला ते पटकन दिसलं. खरं सांगतो, मलाही पहिल्यांदाच दिसलं!

एक मात्र मनाला टोचतं. वर्गशिक्षक असताना एका मुलाला मी म्हणालो होतो, "तुझं गणित कच्चं, सायन्सचा नाद सोड." त्याने सोडला. त्याचं अडत होतं ते फक्त गुणोत्तरात, सहावी-सातवीच्या. महिनाभर शाळा सुटल्यावर बसवलं असतं तर? ग्रोसमान व्हायची संधी होती, मी घेतली नाही.

असो. तुमच्या घरात कोणी असं अडलं असेल, तर मागचं पुस्तक काढून त्याच्या शेजारी बसा. एवढंच.