भातवडी आणि भातोडी

सावेडी-नगरच्या बोलण्यात भातोडी; इतिहासग्रंथांत मात्र बहुधा भातवडी. गाव एकच. ‘लवण’चे ‘लोण’ व्हावे त्याच न्यायाने येथे ‘अव’चा ‘ओ’ झाला. 1624 साली मेहेकरी नदीकाठच्या या गावी मलिक अंबरने मोगल व आदिलशाही फौजांचा पराभव केला. शहाजीराजांचे बंधू शरीफजी येथेच पडले. अंबरने तलावाचा बांध फोडून शत्रूची छावणी चिखलात रुतविली, असे सांगतात. लढाईच्या वर्णनांत ही गोष्ट एका वाक्यात उरकली जाते. वस्तुतः विजयाचे मर्म तेथेच असावे. पुढे इंग्रजी अमदानीत जुन्या तलावाची दुरुस्ती होऊन पाणी पाटांनी शिवारात गेले. 1884 च्या गॅझेटिअरने नोंदविले ते लोकांच्या तोंडचेच रूप : भातोडी.